म्हाताऱ्या ज्यूल्सची लेक



आज ज्या लेखिकेविषयी बोलणार आहे, तिची पहिली गोष्ट छापून आली तेव्हा बापानं तिला तळघरात कोंडलं होतं. पोरगी तेव्हा दहा-बारा वर्षांची. ओमाहा शहरातल्या एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानावर गोष्ट आली, खाली नाव आलं आणि बापाचं टाळकं सरकलं. लेखक, कलावंत ही मंडळी त्याच्या लेखी समाजाला लागलेली कीड. पुढे ती शहरात राहून लिहू लागली, तेव्हाही त्यानं पत्रातून तेच ऐकवलं. आणि १९२८ साली मरणाच्या दारात असताना त्याच लेकीला म्हणाला, माझं आयुष्य लिही.

लेकीचं नाव मारी सँडोझ. जन्म ११ मे १८९६चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या वायव्य भागात, नायोब्रारा नदीच्या मुलखात. तिथल्या सँडहिल्स म्हणजे नुसत्या गवतानं धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या. राज्याचा जवळपास चौथा हिस्सा त्यांनीच व्यापलाय. बाप ज्यूल्स स्वित्झर्लंडहून येऊन १८८४ साली तिथं ठाण मांडून बसलेला. विहिरीतून वर येताना दोर तुटला, घोटा चिरडला. फोर्ट रॉबिन्सन या लष्करी ठाण्यावरच्या तरुण डॉक्टरनं पाय न कापता वाचवला. हे डॉक्टर म्हणजे वॉल्टर रीड. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध करून दाखवणारे तेच. पाय वाचला, लंगडणं जन्माचं राहिलं. तिरसटपणाला मात्र विहिरीची गरज नव्हती. चार लग्नं, कोर्टकज्जे, हातात कायम बंदूक, कुरणं बळकावून बसलेल्या बड्या गुरंवाल्यांशी उभा दावा. पण त्याच माणसानं त्या वाळूत फळबागा जगवल्या आणि पत्रं लिहून लिहून गरीब कुटुंबांना तिथं जमिनीवर आणून बसवलं.

सहा भावंडांत मारी थोरली. म्हणजे धाकट्यांना कडेवर घेऊन फिरणं, भाकरी-पाव भाजणं तिच्याच वाट्याला. घरात बोली स्विस-जर्मन. इंग्रजीशी गाठ पडली ती नवव्या वर्षी शाळेत. चौदाएक वर्षांची असताना बर्फाच्या वादळानंतर भावाबरोबर गाडली गेलेली गुरं उकरून काढायला गेली, तर बर्फावरच्या उन्हानं एक डोळा कायमचा गेला. आठवीच्या पुढं शिक्षण नाही. बापाला न सांगता शिक्षिकेची परीक्षा दिली. लग्न केलं, ते मोडलं. मग लिंकन शहर गाठलं. हायस्कूलचा दाखला नसताना नेब्रास्का विद्यापीठात शिरकाव करून घेतला. दिवसा औषधांच्या प्रयोगशाळेत नाहीतर कुठंतरी पडेल ते काम आणि रात्री लेखन.

बापाचं चरित्र तिनं लिहिलं, ‘ओल्ड ज्यूल्स’. डझनभराहून अधिक प्रकाशकांनी ते परत पाठवलं. १९३३ साली ती इतकी खचली की सत्तरेक कथा घराच्या मागं पेटवून दिल्या आणि तोंड फिरवून सँडहिल्सला परत गेली. पण चरित्राचं हस्तलिखित काही जाळलं नाही. १९३५ साली त्याच पुस्तकाला ‘अटलांटिक’ मासिकाचं पाच हजार डॉलरचं पारितोषिक मिळालं.

इथून पुढची मारी मला तिच्या पत्रांत जास्त भेटते. बापानं आयुष्यभर सरकारी अधिकाऱ्यांना आणि वर्तमानपत्रांना तक्रारींचा मारा केला. लेकीनं तोच मारा संपादकांवर केला. पूर्वेकडच्या शहरांत बसलेल्या संपादकांना तिची वाक्यं सरळ करायची असत, पश्चिमेच्या बोलीतले शब्द गुळगुळीत करायचे असत. ती एकेका शब्दासाठी भांडे. आमच्याकडे लोक असंच बोलतात, हा तिचा मुद्दा. आपल्याकडच्या वऱ्हाडी किंवा मालवणी लेखकाला हे भांडण काही नवं वाटणार नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनाही तिनं शायेन या मूळ अमेरिकी जमातीच्या हालांबद्दल पत्र धाडलं होतं. खाण तशी माती, दुसरं काय!

पण एका बाबतीत ती बापाहून वेगळी निघाली. बाप बोलत सुटे, ही ऐकत बसे. लहानपणी घरी येणारे शिकारी, फासेपारधी, लाकोटा या मूळ अमेरिकी जमातीचे म्हातारे रात्र रात्र बोलत आणि ती गपचूप कोपऱ्यात असे. १९३० साली एलिनॉर हिनमन या मैत्रिणीबरोबर ती फोर्ड गाडीतून पाइन रिज या लाकोटांच्या राखीव प्रदेशात गेली. तिथं ‘ही डॉग’ नावाचा नव्वदीतला म्हातारा होता, लाकोटांचा योद्धा क्रेझी हॉर्स याचा बालमित्र. दुभाषाच्या मदतीनं त्यानं या दोघींना बरंच सांगितलं. खरं तर क्रेझी हॉर्सचं चरित्र लिहायचं होतं हिनमनला. पुढे तिनं आपणहून ते काम मारीकडे सोपवलं. लेखकांच्या जगात असं औदार्य दुर्मीळच. ‘क्रेझी हॉर्स’ १९४२ साली निघालं. त्या योद्ध्याला १८७७मध्ये संगिनीनं भोसकलं ते फोर्ट रॉबिन्सनमध्येच. सातच वर्षांनी ज्यूल्सचा पाय वाचला ते हेच ठाणं. नंतरच्या ‘शायेन ऑटम’मध्ये कैदेतून फुटून निघालेले शायेन लोक बर्फात मारले जातात, तेही इथंच. इतका मोठा इतिहास तिला आपल्या पंचक्रोशीतच सापडला.

व्यावसायिक इतिहासकार तिच्यावर नाराज असत, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. मेलेल्या माणसांच्या तोंडी ती संवाद घालते आणि ते कुठून आले ते सांगत नाही. मला स्वतःला ‘क्रेझी हॉर्स’मधले काही संवाद खटकतात. पण तिच्या खोक्यांतली टिपणांची कार्डं आणि हातानं काढलेले नकाशे नेब्रास्का विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. एवढी तयारी करून मगच ती कल्पनेला हात घालत होती.

१९४३पासून ती न्यूयॉर्कला राहिली आणि १० मार्च १९६६ला तिथंच वारली. पुरली मात्र सँडहिल्समध्ये. तिच्या पत्रांचा संग्रह हेलन विंटर स्टाउफर यांनी संपादित केला, तो १९९२ साली निघाला. ग्रंथ जाडजूड आहे, एका दमात संपवायच्या भानगडीत पडू नका. आधी ‘ओल्ड ज्यूल्स’ वाचा, मग १९३३ ते १९३५ची पत्रं उघडा. तोवर पारितोषिकाचा पत्ताही नव्हता, आणि तरी बाईचा सूर जराही नरम नाही.