कबुतराचे दूध
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



"मुलगा अभ्यास सोडून छपरावर कबुतरांत रमतो" ही तक्रार आपल्या मोहल्ल्यातील पुष्कळ घरांत ऐकू येते. अभ्यास सोडावा असे मी म्हणणार नाही. परंतु त्या खुराड्यात जीवशास्त्राचा एक मोठा धडा रोज चाललेला असतो. तो मुलाने नीट पाहावा, आणि सवड मिळाल्यास त्याच्या अब्बांनीही पाहावा.

कबुतराची मादी बहुधा दोन अंडी घालते. ती सुमारे १८ दिवस उबवावी लागतात. दिवसाचा मधला भाग नर बसतो. उरलेला वेळ आणि रात्रभर मादी बसते. पिलू जन्मते ते आंधळे आणि दुबळे. पहिले काही दिवस आईबाप त्याला दाण्याऐवजी जे भरवतात त्याला 'कबुतराचे दूध' म्हणतात. गळ्याखाली अन्नाची जी पिशवी असते, तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी सुटून हा पनीरसारखा घट्ट पदार्थ होतो. आणि नवल असे की, हे दूध माता देते तसे पिताही देतो!

हे घडवून आणते एक संप्रेरक, म्हणजेच हार्मोन. शरीरातील ग्रंथी रक्तात जे रासायनिक निरोप सोडतात त्यांना संप्रेरके म्हणतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील एका द्रव्याने कबुतराची ही पिशवी वाढते, असे अमेरिकेतील ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात त्याचे 'प्रोलॅक्टिन' हे नाव आढळते. गाईला दूध येते त्यामागेही हेच द्रव्य असते.

आता कोणी म्हणेल, मग बापाची माया म्हणजे नुसते रसायनच! इतके सोपे ते नाही. डॅनियल लेहरमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काळात पाळीव होल्यांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात तयार घरटे आणि अंडी ठेवून जोडी सोडली, तर ती लगेच अंड्यांवर बसत नाही. आधी नर मान लववून घुमतो, मग काड्यांची जुळवाजुळव होते, आणि काही दिवसांनी दोघे अंडी उबवू लागतात. घुमणारा नर नुसता काचेपलीकडे असला, तरी मादीच्या शरीरात अंड्यांची तयारी सुरू होते. ज्याचे वृषण काढले आहेत असा नर घुमत नाही. त्याच्या सहवासात ही तयारी फारशी होत नाही. म्हणजे संप्रेरक वागणूक घडवते, तशी वागणूकही संप्रेरक जागे करते.

याहून मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. काही दिवस अंडी उबवलेल्या नराला वेगळे केले, पण काचेतून त्याला घरट्यावर बसलेली जोडीदारीण दिसत राहिली, तर त्याच्या गळ्यात दूध तयार होण्याची क्रिया चालू राहते. तीही दिसेनाशी झाली, की ती क्रिया ओसरते. लेहरमनने पक्ष्यांना प्रोलॅक्टिन टोचूनही पाहिले. पूर्वी पिले वाढवलेल्या बहुतेकांनी समोर ठेवलेल्या परक्या पिलांना भरवले. अनुभव नसलेल्यांनी भरवले नाही. औषध तेच, मात्राही तीच!

दुसरेही एक संप्रेरक आहे, टेस्टोस्टेरॉन. गाणे, भांडण, मादीला रिझवणे यांना ते जोर देते. स्वीडनमधील माशीमार पक्ष्यांवरील १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पिलांच्या दिवसांत ते जादा दिलेल्या नरांनी पिलांना कमी वेळा चारा आणला. अंडी उबवण्याच्या काळात अनेक पक्ष्यांच्या नरांत ते आपोआप उतरते, ते उगीच नव्हे.

सगळेच नर कबुतरासारखे नसतात, हेही सांगितले पाहिजे. आपण 'सुगरण' म्हणतो, पण ते घरटे विणतो नर. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला या पक्ष्याचा अभ्यास केला. अर्धवट घरटे मादीने पसंत केले की नर ते पुरे करतो आणि पुढच्या घरट्याला लागतो. एकेका नराच्या अशा अनेक माद्या असतात, आणि अंडी उबवण्याचा सारा भार एकट्या मादीवर.

विद्यार्थी मित्रांनो, घरी कबुतरे असतील तर एक वही करा. अंडे कोणत्या तारखेला पडले, सकाळी नर किती वाजता बसला, दुपारी किती वाजता उठला, ते रोज लिहा. घरट्याला मात्र हात लावू नका. पिले निघाल्यावर दोघांपैकी कोण किती वेळा भरवतो, हे मोजून वही वर्गात आणा.