आपल्या पाच मिनिटांचा भाव

लेकीच्या अभ्यासासाठी फोन घ्यायचा म्हटलं, की हल्ली दुकानात जाण्याआधी आपण यूट्यूब उघडतो. एखादा मुलगा खोक्यातून फोन काढतो, कॅमेरा दाखवतो, बॅटरीचं सांगतो आणि शेवटी ‘सबस्क्राइब करा’ म्हणतो. आपल्याला वाटतं, माहिती फुकटात मिळाली. बचत गटात रुपया न् रुपया मोजणाऱ्या बायका आपण, हा व्यवहारही जरा मोजून बघू.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायचा तर चॅनेलला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात लोकांनी त्याचे व्हिडिओ ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा, तो सोडून देऊ. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. पाच-पाच मिनिटं धरली, तर ४८,००० वेळा कुणीतरी बघायला हवं. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या शंभर रुपयांतले ५५ त्याला, ४५ यूट्यूबला. आपण बघत बसतो, त्यातून त्याची मजुरी निघते. यात वाईट काही नाही, कष्ट असतात त्यात.

याशिवाय व्हिडिओखाली लिंक असते. तिथून खरेदी झाली की ठरलेला टक्का त्याला मिळतो. कधी कंपनी सरळ पैसे देऊन व्हिडिओ करून घेते.

पण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. फोन बाजारात येण्याआधीच कंपनी तो निवडक लोकांकडे पाठवते आणि अमुक दिवशी, अमुक वाजता व्हिडिओ टाका, असं ठरवून देते. म्हणून तर एकाच फोनचे ढीगभर व्हिडिओ एकाच वेळी येतात. पहिल्या दिवशी जो तो त्या फोनबद्दल शोधत असतो. पंधरा दिवसांनी कोण बघतं? ज्याला फोन आधी मिळाला नाही, त्याचा बाजार उठून गेलेला असतो. त्यामुळे कुणी पाकीट दिलेलं नसलं, तरी पुढचा फोन आपल्याला येईल ना, ही धाकधूक राहतेच. मग ‘कॅमेरा वाईट आहे’ असं तोंडातून निघत नाही. ‘रात्रीचे फोटो आणखी चांगले आले असते तर आवडलं असतं’, असं निघतं. सोयरिकीच्या वेळी मुलाची चौकशी केली की शेजारी कसे म्हणतात, ‘तसा बरा आहे’, तसंच हे.

उलट बोलणारेही आहेत. अमेरिकेत मार्केस ब्राउनली नावाचा तरुण आहे, दीड कोटीहून जास्त सबस्क्रायबर असलेला. एप्रिल २०२४ मध्ये त्याने ह्युमेन कंपनीच्या एआय पिनला, छातीवर लावायच्या ६९९ डॉलरच्या यंत्राला, आपण तपासलेली आतापर्यंतची सगळ्यात वाईट वस्तू म्हटलं. नव्या कंपनीवर एवढ्या मोठ्या माणसाने असा घाव घालावा का, म्हणून काही जण त्याच्यावरच चिडले. मला तो राग पटत नाही. पैसे तर घेणाऱ्याचे जाणार होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यंत्रं बंदच करण्यात आली.

आपल्याकडे नियम आहेत. जानेवारी २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल, तर ते व्हिडिओतच, दिसेल आणि ऐकू येईल असं सांगायचं. तेही ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्या भाषेत. खाली बारीक अक्षरांत लिहून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. आणि १ जुलै २०२२ पासून तपासायला आलेला फोन स्वतःकडेच ठेवला, तर ती मिळकत धरतात. वर्षाला २०,००० च्या वर गेली की १० टक्के करकपात. परत केला तर नाही. म्हणून व्हिडिओ बघताना विचारा, फोन परत गेला का?

आणखी एक करून बघा. फोनच्या नावापुढे ‘सहा महिन्यांनंतर’ असं लिहून शोधा. तापतो का, बॅटरी उतरली का, दुरुस्तीचं दुकान जवळ सापडलं का, हे तिथे कळतं. असे व्हिडिओ बघणारे कमी, म्हणून करणारेही कमी. तुमची पाच मिनिटं तिथे खर्च करा. मराठीत असं काम करणारं कुणी सापडलं, तर केंद्रावर फोन करून नाव कळवा, पुढच्या वेळी सगळ्यांना सांगू.