हातातलं काम आणि दारात येणारी माणसं

 

आमच्या गटांत ख्रिस्ती बाया थोड्याच आहेत. पण मागच्या काही बैठकांनंतर त्यांच्यातल्या दोघी-तिघींनी एकच गोष्ट विचारली. रविवारी प्रार्थनेत 'पाचारण' हा शब्द ऐकायला मिळतो. पाचारण म्हणजे देवानं आपल्याला एखाद्या कामासाठी हाक मारली आहे, असं मानणं. ऐकताना मन भरून येतं. आणि सोमवारी पहाटे नळाला पाणी आलं, लेकरांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या, सोयाबीनची खुरपणी, गटाचा हप्ता, वरून मोबाईल, की ती हाक कुठं जाते ते कळतही नाही. ताई, यात मन एका जागी ठेवायचं कसं?

बायबलात मार्था आणि मरिया या दोघी बहिणींची गोष्ट आहे. येशू त्यांच्या घरी आला. मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्था रांधण्या-वाढण्यात गुंतली आणि शेवटी चिडून बहिणीची तक्रार करायला आली. येशूनं मरियेची बाजू घेतली. ही गोष्ट आम्ही जिथं जिथं सांगितली, तिथं बाया मार्थाच्या बाजूनं भांडतात. सगळ्याच बसून राहिल्या तर भाकरी कोण थापणार? आम्हालाही हे भांडण रास्तच वाटतं. पण एक बघा, मार्थाला स्वयंपाक केला म्हणून कुणी बोललं नाही. तिचे हात चुलीपाशी होते आणि जीव बहिणीवर अडकला होता. घोर लागला होता तो त्याचा.

ही झाली गोष्ट. आता आपल्याच मराठी मुलखातल्या एका बाईकडं या. पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं, त्या काळात. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, पुढं भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जायचं कारण होतं डॉक्टरकी शिकणं. पण कानानं नीट ऐकू येईना, म्हणून तो रस्ता बंद झाला. पाचारण म्हणजे आधीच आखलेली सरळ वाट, असं कुणी समजत असेल तर रमाबाईंकडं बघावं. त्यांची ठरवलेली वाट पहिल्याच वळणावर मोडली.

परत येऊन १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. पुढं धोंडो केशव कर्वे यांच्याशी ज्यांचा पुनर्विवाह झाला, त्या गोदूबाई याच सदनात शिकल्या. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'तून टीकेचा भडिमार झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कितीतरी मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

इथं आम्ही दोन्हीकडचं बोलतो. पालकांची भीती खोटी नव्हती, त्यांनी विश्वासानं पोरी सोपवल्या होत्या. म्हणूनच आपल्या गटांचा नियम बरा आहे: बैठकीत बचत, कर्ज, हप्ता. देव ज्याचा त्यानं घरी. ख्रिस्ती बाईची साक्ष तिच्या चोख हिशेबात दिसली तर दिसेल. आमच्या गटांत हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळ्या आहेत, आणि वहीवर सगळ्यांचा विश्वास राहिला पाहिजे.

पण त्या भडिमारानंतर रमाबाईंनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. उरलेलं आयुष्य उत्तरं देण्यात घालवता आलं असतं. इंग्लंडमधल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला होता, त्यांच्याशीही धर्मातल्या मुद्द्यांवर पत्रांतून वाद होतेच. स्तुतीही कमी नव्हती. कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं, पुढं १९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. टीका आणि स्तुती, दोन्ही माणसाला सारखंच खातात. आमच्या मते स्तुती जरा जास्तच.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बाया घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरी खणल्या, शेती केली, गाईम्हशी, विणकाम, शिवण, अंध मुलींसाठी शिक्षण. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर माणसं आणखी वाढली.

आणि या सगळ्या गलक्यात त्यांनी एक काम धरलं, साध्या मराठीत अख्खं बायबल आणायचं. आधीची भाषांतरं संस्कृतानं जड झालेली, अडाणी बाईला कळेनात. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे चाललं. छापखाना सदनातच. खिळे जुळवायला, छापायला दुष्काळातून आलेल्या त्याच बाया. ज्यांना आपण कामातला अडथळा म्हटलं असतं, त्या कामाचे हात झाल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. आई पुन्हा कागदाला बसली. भाषांतर पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

आम्हाला यातून एवढंच उमजतं की दारात माणूस आलं तर त्यांनी दार उघडलं, दारात नुसतं बोलणं आलं तर ते दाराबाहेर ठेवलं. आपलं बहुतेक वेळा उलटं होतं. कुणाच्या लग्नात कुणाला कसली साडी दिली यावर तासभर जातो, आणि शेजारची आजारी म्हातारी 'मधेच' हाक मारते म्हणून आपण कुरकुरतो.

आपल्या भागात शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाणाचं क्रॉसिंग करणाऱ्या बाया आहेत, त्यांना हे सांगायला नको. त्या शेजारणीशी बोलतात, हसतात, पाळण्यातल्या लेकराकडं बघतात, पण हातातलं फूल सुटत नाही. फूल सुटलं तर बियाणं बिघडतं आणि मजुरी बुडते.

एका गटातल्या दोघींनी सुरुवात केली आहे. संध्याकाळी स्वयंपाकाआधी फोन पिठाच्या डब्यावर ठेवायचा आणि अर्धा तास, एक दिवस बायबल वाचायचं, एक दिवस आजारी माणसाकडं जायचं. अर्धा तास रोज जमत नाही, असं त्याच सांगतात. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी का जमलं नाही, हे वहीच्या मागच्या पानावर लिहितात. तिथं 'पाहुणे' हा शब्द किती वेळा आला आणि 'फोन' किती वेळा, ते त्यांनी आम्हाला दाखवलं. फोन बराच पुढं होता.

केडगावचं मुक्ती सदन आजही सुरू आहे. पुणे आणि दौंडच्या मधे केडगाव स्टेशन लागतं. सोयाबीन निघाल्यावर तिकडं जायचं का, असं काही गट विचारत आहेत. एका दिवसात जाऊन येणं होणार नाही, मुक्काम करावा लागेल, तेव्हा खर्चाचं आधी ठरवू. ज्यांना यायचं आहे, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, त्यांनी पुढच्या बैठकीत आपल्या गटाच्या सचिवाकडं नाव द्यावं.