रात्री दोनचा फोन

(घरपोच रुग्णसेवा देणाऱ्या अमरावती व अकोला जिल्ह्यांतील संस्थांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे ‘घरपोच आरोग्यसेवेतील नेतृत्वविकास’. नेतृत्व म्हटलं की आपल्याकडे आधी जिल्हा परिषद आठवते, मग बाजार समिती, मग बँकेची निवडणूक. मला त्यातलं काही बोलायचं नाही. माझी उभी नोकरी परिचारिका म्हणून आणि शेवटी मेट्रन म्हणून गेली, त्यामुळे माझी व्याख्या वॉर्डातली आहे. रात्री दोन वाजता पेशंटच्या घरून फोन येतो. तो जी उचलते आणि जिच्याजवळ त्याचं उत्तर असतं, ती प्रमुख. आपल्या बहुतेक संस्थांत हा फोन मालकाच्या मोबाइलवर जातो. मालक झोपेत म्हणतो, “सकाळी पाहू.” सकाळपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं.

आपला धंदा का वाढला, हे तुम्हाला सांगायला नको. अमरावतीचं रुक्मिणीनगर असो की अकोल्याची जठारपेठ, वरच्या मजल्यावरच्या खोल्या बंद आहेत. पोरं पुण्याला, हैदराबादला, कुणी अमेरिकेत. खाली आजी-आजोबा. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेले लोक ९.९ टक्के होते, म्हणजे दहांत जवळजवळ एक. त्यातल्या कुणाला लकवा मारतो, दवाखाना दहा-बारा दिवसांनी सुट्टी देतो, आणि नाकात नळी, खाली लघवीची पिशवी अशा अवस्थेत माणूस घरी येतो. मग “बाई लावा” म्हणून तुम्हाला फोन येतो.

तुमच्यापैकी कुणी पूर्वी वॉर्डबॉय होतं, कुणी कंपाउंडर, कुणाचं मेडिकल स्टोअर आहे. एक मोबाइल, एक वही आणि वीस-पंचवीस बाया, एवढ्यावर ब्युरो सुरू झाला. त्यात मला कमीपणा दिसत नाही. दिसतो तो दोष वेगळा. वर मालक, खाली ड्युटीवरची बाई आणि मधे कुणीच नाही. वळगावहून किंवा बार्शीटाकळीहून पहाटेच्या एसटीने आलेली बाई परक्या घरात, परक्या माणसाच्या अंथरुणाशी, बारा तास एकटी असते. तिला चूक सांगणारं कुणी नाही आणि शाबासकी देणारंही नाही.

मे महिन्यातली अकोल्याची रात्र डोळ्यांपुढे आणा. दिवसा पारा ४५च्या वर गेलेला, रात्रीही भिंती तापलेल्या. पेशंटखाली हवेची गादी लावलेली आहे. ती विजेवर चालते, आळीपाळीने फुगते आणि बसते, म्हणून घरचे निर्धास्त. मध्यरात्री वीज जाते. गादी बसते. कूलर बंद, पाठीखाली घाम. आता दर दोन तासांनी पेशंटला कुशीवर वळवणं, पाठ कोरडी करणं आणि चादरीची चुणी काढणं हे त्या बाईच्या हाती आहे. तिला हे माहीत असेल तर काही होणार नाही. नसेल तर दोन-तीन दिवसांत माकडहाडापाशी लालसर डाग येतो, पुढे कातडी जाते, आणि ती जखम भरायला महिने लागतात. घरचे म्हणतात, बाई कामचुकार होती. मी म्हणते, तिला कुणी शिकवलं होतं, आणि शिकवल्यावर कोण पाहायला गेलं होतं?

हे पाहायला जाणारी ती पर्यवेक्षिका. जाणती पर्यवेक्षिका घरात शिरली की दहा मिनिटांत सगळं वाचते. लघवीची पिशवी पलंगावर ठेवली आहे की खाली लटकते आहे? नळीने जेवण देताना डोकं उचललेलं असतं का, आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवतात का? कूलरचा झोत सरळ तोंडावर येतो का? गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जुळते का? मुलगा हॉलमध्ये बसून “सब बढिया है” म्हणत असतो, तिकडे लक्ष द्यायचं नाही. आधी पेशंटची पाठ पाहायची. मग बाईचा चेहरा पाहायचा, कारण ती रात्रभर झोपली नसेल तर सकाळच्या औषधात घोळ ठरलेला.

बाई एकटी पडण्याची ही अडचण आजची नाही आणि आपल्या एकट्याचीही नाही. १८५९ मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला गरिबांच्या घरी जाऊन सेवा करायला नेमलं. तिनेच त्याच्या पत्नीची शेवटच्या आजारात शुश्रूषा केली होती. बाई कसलेली होती, तरी महिन्याभरात रडत परत आली. एवढं दुःख एकटीला पाहवत नाही, म्हणाली. रॅथबोनने तिला धीर देऊन परत पाठवलं. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या सल्ल्याने परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं, शहराचे अठरा भाग पाडले गेले, आणि प्रत्येक भागात परिचारिकेबरोबर देखरेख करणारी एक बाई नेमली गेली. घरोघरच्या शुश्रूषेची व्यवस्था तिथे उभी राहिली ती एकट्या बाईच्या मागे दुसरं कुणी तरी उभं राहिल्यावर.

लिव्हरपूल लांबचं वाटत असेल तर गडचिरोलीला चला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं होतं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात बालमृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून बराच खाली आला. हा आकडा सगळे सांगतात. मला त्यातली एक बारीक गोष्ट जास्त मोलाची वाटते. दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर प्रत्येक गावात जायचे. आरोग्यदूताच्या नोंदी तपासायचे, चुकलं तिथे दुरुस्त करायचे, शिकवायचे. पण बाळावर उपचार ते करत नसत. ते तिचं काम होतं आणि तिचंच राहिलं.

डॉक्टरला समोर आजारी बाळ दिसत असताना हात आवरणं किती कठीण, हे वॉर्डात राहिलेल्यांना कळेल. आपण नेमकं उलटं करतो. बाईची चूक दिसली की तिला बाजूला सारतो, “हटा, मी करते” म्हणतो, घरच्यांसमोर झटकन करून दाखवतो आणि स्कूटरवर बसून निघतो. घरच्यांना वाटतं, वा! बाई मात्र होती तिथेच राहते. उलट आता घरचे तिला जुमानत नाहीत. देखरेख म्हणजे तिच्याकडून ते नीट होईपर्यंत शेजारी उभं राहणं. आणि रागवायचंच असेल तर जिन्यात, पेशंटच्या सुनेसमोर नाही.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्या नियमाने एकत्र जमत आणि आपापल्या गावातल्या अडचणी एकमेकींना सांगत. आपल्या मेळघाटात उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेनेही गावातल्याच बायकांवर भरवसा ठेवला. आणि सरकारी उदाहरण तर तुमच्या गल्लीत आहे. आशाताईंच्या वर गटप्रवर्तक असते. तिच्या देखरेखीच्या भेटीला केंद्र सरकारने २०१८ मध्ये २५० रुपयांवरून ३०० रुपये केले, महिन्याला २० भेटींपर्यंत. रक्कम तुटपुंजी आहे, त्यासाठी या बाया मुंबईच्या आझाद मैदानात जाऊन बसल्या होत्या, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. तरी त्या हिशेबात देखरेख हे वेगळं काम मानलं आहे आणि त्याला वेगळा पैसा दिला आहे. आपल्या किती ब्युरोंच्या वहीत असा रकाना आहे?

पर्यवेक्षिका निवडायची कशी? मालकाची भाची चालणार नाही. सगळ्यांत जुनी बाईच नेमावी असंही नाही. काहींनी जुनी चूकच वर्षानुवर्षं गिरवलेली असते. जीएनएम हा परिचारिकेचा अभ्यासक्रम झालेली मुलगी मिळाली तर उत्तमच. इंजेक्शन, सलाईन ही कामं नोंदणी असलेल्या परिचारिकेचीच, त्यात तडजोड नको. पण नुसत्या प्रमाणपत्राने पर्यवेक्षिका होत नाही. मी एक खूण सांगते. “पिशवीतली लघवी लालसर दिसून राहिली, मले समजलं नाही, म्हणून फोन लावला,” असं जी बाई अवेळी विचारते, तिचं नाव वहीत वेगळं लिहून ठेवा. जिला नेहमी सगळंच समजतं आणि जिचा कधी फोन येत नाही, तिच्या घरी आधी चक्कर मारा.

निवडलेल्या बाईला पगार महिन्याचा द्या. कमिशन देऊ नका. आपल्याकडे पेशंट गेला की ड्युटी गेली, ड्युटी गेली की रोजी गेली. पर्यवेक्षिकेचं पोटही ड्युटी चालू राहण्यावर असेल, तर वाईट घरातून बाई काढून घ्यायला तिचा हात धजणार नाही. आणि बाई काढून घेण्याचा अधिकार तिला हवाच, तोही मालकाला न विचारता.

वाईट घर म्हणजे काय, तेही उघड बोलू. फोनवर पहिला प्रश्न येतो, “बाई कोणत्या समाजाची आहे?” आजोबांचं अंग पुसायला, त्यांची घाण काढायला बाई चालते, तिला चहा मात्र खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या कपात. अंबादेवीचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून याच अमरावतीत १९२७ मध्ये चळवळ झाली. शंभर वर्षं होत आली आणि आपण फोनवर मुकाट्याने समाज सांगतो, कारण गिऱ्हाईक तुटेल. उत्तर एकच द्यायचं : “आमची बाई शिकलेली आहे, बाकी माहिती आम्ही देत नाही.” हे उत्तर पर्यवेक्षिकेला पाठ हवं, आणि ते दिल्यावर मालक तिच्या मागे उभा राहील ही खात्री हवी.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. रात्रपाळीची बाई परक्या घरात असते, आणि पुरुष पेशंट, त्याचा मुलगा, जावई असे सगळेच सज्जन नसतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा राहतं घरही कामाचं ठिकाण मानतो. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर संस्थेत अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर दरपत्रक आहे, गणपती आहे. या समितीचा नंबर मला फारसा कुठे दिसला नाही. बाया मालकाला हे सांगत नाहीत. सांगतील तर पर्यवेक्षिकेला सांगतील, तीही त्यांच्यातूनच वर आलेली असेल तर.

संस्थाचालकांचं म्हणणं मला माहीत आहे. “मॅडम, शिकवलं की बाई पळते आणि समोरच्या चौकात स्वतःचा ब्युरो टाकते.” टाकते खरी. टाकू द्या. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून या शहरात आहे. १९३६ मध्ये त्याचं पथक बर्लिन ऑलिंपिकपर्यंत जाऊन आलं. मंडळात शिकून गेलेल्यांनी ठिकठिकाणी व्यायामशाळा काढल्या, म्हणून मंडळ ओस पडलं नाही. आणि गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय वऱ्हाडात भाषण पुरं होत नाही, तर मीही घेते. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी करणाऱ्या या माणसाने १९५२ मध्ये मिशन स्थापून कामाची सोय लावली आणि स्वतः हिंडत राहिला. आपल्याला वीस बायांचा ब्युरो सोडवत नाही!

घाईही करू नका. २०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात नाव लागलं. आपल्याला अभिमान वाटला, वाटावाच. पर्यवेक्षिका त्या वेगाने होत नाही. लकव्याचा पेशंट, कॅन्सरचा शेवटचा टप्पा, मांडीचं हाड मोडलेली आजी, स्मृती गेलेले आणि रात्री दार उघडून निघून जाणारे आजोबा, यातलं प्रत्येक घर तिने जाणत्या बाईसोबत पाहायला हवं. दोन वर्षं धरून चाला. मधे बाळंतपण येईल, कपाशीची वेचणी येईल, घरचं लग्न येईल. बाई परत येईल अशी जागा राखून ठेवा.

आता मागणं. प्रत्येक संस्थेने ड्युटीवरच्या दोन बाया निवडाव्यात. त्यांना आठवड्यातला एक दिवस ड्युटीतून मोकळं ठेवावं, त्या दिवसाची रोजी कापू नये. तो दिवस त्यांनी इतर बायांच्या घरी सोबत जाण्यात घालवावा आणि जे दिसलं ते वहीत लिहावं. मराठीत लिहावं, वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल. महिन्यातून एकदा दोन्ही जिल्ह्यांतल्या या बायांनी मूर्तिजापूरला जमावं. अमरावतीला आणि अकोल्यालाही ते मधे पडतं आणि तिथे गाडी थांबते. शिकवायला मी येईन, माझ्या निवृत्त मैत्रिणीही येतील, मानधन नको. मालकांनी फक्त बायांच्या जाण्यायेण्याचं भाडं द्यावं आणि स्वतः मात्र त्या बैठकीला येऊ नये. नावनोंदणीची वही आज दाराशी ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी आपापल्या दोन बायांची नावं त्यांना विचारून तिथे लिहा.