नशेतला रोगी आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न



लग्नाची वरात असो, पोळ्याचा सण असो की निवडणुकीचा निकाल असो, रात्री एखादा माणूस दारू पिऊन बेभान होतो, हे दृश्य आपल्यापैकी कोणालाच नवीन नाही. तो शिव्या देतो, भांडी फेकतो, समजवायला गेलेल्या सख्ख्या भावाच्या अंगावर धावून जातो. मग जमलेली मंडळी आपापला निकाल देतात. कोणी म्हणतो, "माज आलाय, चार ठेवून द्या." कोणी म्हणतो, "बाहेरचं काहीतरी लागलंय, देवऋषीला बोलवा." आणि तिसरा म्हणतो, "बाजेला बांधून टाका, सकाळपर्यंत उतरेल." डॉक्टरांचे मत या तिन्हींहून निराळे आहे. त्यांच्या दृष्टीने तो रोगी आहे, आणि काही वेळा त्याचे प्राण धोक्यात असतात.

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. तेव्हा सुई कोणती आणि मात्रा किती, हे सांगणे माझे काम नाही. पण अशा माणसाला शांत करण्यासाठी औषध केव्हा देतात, केव्हा देत नाहीत, आणि त्यात घरच्यांचा वाटा कोणता, हे मात्र प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे.

दारूने अंगात बळ येते असा आपला समज आहे. खरे तर दारू मेंदूला बधिर करते. बधिरता प्रथम चढते ती लाज, भीती, विचार यांवर. म्हणजे मनाचा लगाम आधी सुटतो. म्हणून तो ओरडतो, धावतो. आणखी पोटात गेली की तोल जातो, जीभ अडखळते. त्याहूनही जास्त झाली की श्वास चालवणारे केंद्रच मंदावते. आरडाओरडा करणारा माणूस एकाएकी गप्प झाला की घरचे म्हणतात, "बरं झालं, झोपला." पण तो झोपला की बेशुद्ध झाला, हे हलवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

असा माणूस दवाखान्यात आणला की डॉक्टर लगेच सुई टोचत नाहीत, म्हणून पुष्कळदा नातेवाईक रागावतात. परंतु डॉक्टर आधी खात्री करून घेतात की हा सारा गोंधळ दारूचाच आहे ना? रक्तातली साखर उतरली तरी माणूस असाच बरळतो. पडून डोक्याला मार लागला आणि आत रक्त साकळले, तरी असाच झिंगल्यासारखा वागतो. गांजा-भांगेत धोत्र्याचे बी गेले असेल तर तोंड कोरडे पडते, बुबुळे मोठी होतात आणि तो हवेत काहीतरी वेचू लागतो. आणि विषारी दारू असेल तर नजर अंधुक होते. मुंबईत मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशाच दारूने शंभरावर माणसे दगावली. तिच्यातल्या मेथिल अल्कोहोलपासून शरीरात जे आम्ल तयार होते, ते डोळ्यांच्या नसा जाळते आणि जीवही घेते. या रोग्याला नुसते झोपवून ठेवले तर उपचाराची वेळ निघून जाईल.

ही पाहणी चालू असताना डॉक्टर घरच्यांना एक प्रश्न विचारतात: "शेवटची दारू कधी घेतली?" साऱ्या उपचाराची दिशा या एका उत्तरावर ठरते. ती कशी, ते पाहू.

समजा, उत्तर आले, "आत्ताच तासाभरापूर्वी, भरपूर." म्हणजे दारू अजून रक्तात आहे. डायझेपाम, लोराझेपाम ही मन शांत करणारी औषधे मेंदूला मंद करतात, आणि दारूही तेच करते. दोघांची बेरीज झाली तर श्वास बंद पडू शकतो. म्हणून येथे डॉक्टर शक्यतो बोलण्यानेच काम भागवतात. दिवे मंद, गर्दी बाहेर, एकाच माणसाने हळू आवाजात बोलायचे. तेवढ्याने भागले नाही, तर हॅलोपेरिडॉलसारखे दुसऱ्या जातीचे औषध बेताने देतात. त्याने श्वासावर तितका दाब येत नाही. मात्र हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते. सुई दिल्यावरही नाडी, श्वास, रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहतात.

आता दुसरे उत्तर घ्या. "साहेब, तीन दिवस झाले, थेंब नाही घेतला." घरच्यांना वाटते, मग हा दारूचा प्रकार नव्हेच. पण हाच प्रकार जास्त भयंकर. जुन्या काळी विहिरीवर मोट चालत असे, ती वडीलधाऱ्यांना आठवत असेल. भरलेली मोट ओढताना नाडा तुटला, तर बैल एकदम पुढे उधळत. रोज पिणाऱ्याचा मेंदूही वर्षानुवर्षे दारूच्या ओझ्याविरुद्ध जोर लावून चालत असतो. दारू अचानक बंद झाली की ओझे सुटते आणि मेंदू उधळतो. पहिल्या दिवशी हात कापतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आले असे वाटते, ताप चढतो. पूर्वी उपचाराची सोय नसताना अशा रोग्यांपैकी कित्येक दगावत. येथे तेच डायझेपाम, तेच लोराझेपाम जीव वाचवते. पहिल्या रोग्याला जे घातक, ते दुसऱ्याला अमृत. उलट, हॅलोपेरिडॉल एकटेच दिले तर त्याची फिट बळावण्याचा धोका. शिवाय वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, उरलेले नसते. तेही सुईने देतात, नाहीतर मेंदूला कायमची इजा होते.

आता कळले ना, खरे उत्तर का द्यायचे ते? होते असे की पाय मोडला म्हणून माणसाला दवाखान्यात भरती करतात. डॉक्टर विचारतात, "पितात का?" बायको मान खाली घालते, मुलगा म्हणतो, "छे, कधीतरी." तिसऱ्या रात्री रोगी सलाईन उपसून पळू लागतो आणि सारे म्हणतात, ऑपरेशनने डोके फिरले. लाजेपोटी लपवलेली एक गोष्ट अशी अंगाशी येते. डॉक्टर हे पोलीस नव्हेत. त्यांच्यापुढे किती, कोणती, किती वर्षे आणि शेवटची कधी, हे चार शब्द स्पष्ट सांगावेत.

ही औषधे फार जुनी नाहीत. क्लोरप्रोमाझिन १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांवर वापरले गेले, हॅलोपेरिडॉल १९५८ साली बेल्जियममध्ये तयार झाले. डायझेपाम १९६३ साली बाजारात आले. आपल्या वेल्लोरच्या डॉक्टरांनी अनावर झालेल्या दोनशे मनोरुग्णांवर दोन उपचारांची तुलना करून २००४ साली प्रसिद्ध केली; तिच्याकडे परदेशांतही आधार म्हणून पाहतात. औषधांआधी होते ते साखळदंड. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत, जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी आहे, आणि व्यसनातून आलेले मनोविकारही त्या कायद्यात धरले आहेत.

मग घरी काय करावे? मारू नये, डिवचू नये, घेराव घालू नये. कोयता, काठी, पेट्रोल नजरेआड करावे, पोरांना शेजारी पाठवावे. तो सुस्त झाला तर कुशीवर वळवावे, म्हणजे ओकारी घशात अडकत नाही. ताक, लिंबू, कॉफी तोंडात ओतू नये; ते श्वासनलिकेत जाते. पालथा पाडून त्याच्यावर बसू नये, श्वास कोंडतो. आणि घरातली झोपेची गोळी मुळीच देऊ नये, चहातून चोरून तर नाहीच नाही. श्वास मंद झाला, फिट आली, डोक्याला मार असला, नजर अंधुक झाली किंवा ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता १०८ वर गाडी बोलवावी. रोज पिणाऱ्याने "आजपासून बंद" अशी शपथ घेतली, तर तिचे कौतुक करा; पण त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्या. सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे.

गुरुजनांना एक विनंती. अशा रात्रीनंतर त्या घरातले मूल सकाळी शाळेत येते. त्याचा गृहपाठ झालेला नसतो. त्याला वर्गासमोर जाब विचारू नका, मधल्या सुट्टीत जवळ बोलवा. आणि त्याची आई विचारायला आली, "गुरुजी, काय करू?" तर तिला एवढेच सांगा: "बाई, लाजू नका. दवाखान्यात चला, आणि जे खरं आहे ते सांगा."