'मात्रा' : एक शब्द, अनेक अर्थ
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



आपल्या नित्य वापरातील एका लहानशा शब्दाकडे आज मी आपले लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द 'मात्रा' होय.

पहिलीतील बालकास आपण काना, मात्रा, वेलांटी व उकार शिकवितो. 'देव' लिहिताना 'द'च्या डोक्यावर एक मात्रा द्यावयाची आणि 'दैव' लिहिताना दोन. मात्रा म्हणजे शिरोरेषेवरील तिरपी रेघ, हा अर्थ त्याच्या मनात पक्का बसतो. पुढे वृत्तांचा परिचय करून देताना त्याच विद्यार्थ्यास आपण विचारतो, 'शाळा' या शब्दात मात्रा किती? तो अक्षरे निरखून म्हणतो, "एकही नाही." आपणांस अपेक्षित असते 4 हे उत्तर. 'देव' आणि 'दैव' या दोहोंच्या मात्रा 3 च, हे ऐकून तर तो अधिकच गोंधळतो. वस्तुतः त्याने अज्ञान प्रकट केलेले नसते. आपण शिकविलेलेच त्याने निष्ठेने सांगितलेले असते. शब्दाचा अर्थ आता निराळा आहे, एवढे सांगावयाचे राहून गेलेले असते.

हे अर्थ परस्परांस अगदीच परके नाहीत. संस्कृतात 'मा' या धातूचा अर्थ मोजणे असा आहे. मान, प्रमाण, परिमाण हे शब्द त्याच कुळातले. ह्रस्व स्वराच्या उच्चारास लागणारा काळ ती 1 मात्रा. दीर्घ स्वराच्या 2. म्हणून 'शाळा' या शब्दाच्या 4. संगीतातही मात्रा हे काळाचेच माप आहे: त्रितालाच्या 16, झपतालाच्या 10, दादऱ्याच्या 6. वैद्याने मोजून दिलेले औषधाचे प्रमाण तीही मात्राच. घरोघरी तर सहाणेवर उगाळून द्यावयाच्या औषधासच मात्रा म्हणू लागले, आणि एखादा उपाय निष्फळ ठरला की 'मात्रा चालली नाही' असा वाक्प्रचार रूढ झाला. हिंदीचे पुस्तक हाती आले की आणखी एक भेद समोर येतो. तेथे काना, वेलांटी, उकार या सर्वच स्वरचिन्हांना मात्रा म्हणतात.

तेव्हा आपण काय करावे? जुना शब्द नव्या अर्थाने योजण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे. "आजवर आपण डोळ्यांनी दिसणारी मात्रा मोजली, आज कानांनी ऐकू येणारी मोजू," एवढे एक वाक्य पुरे होते. मग ह्रस्व अक्षरास एक टाळी व दीर्घास दोन, अशा रीतीने मुलांकडून 'घर', 'देव', 'शाळा' हे शब्द म्हणवून घ्यावेत. 2, 3, 4 हा क्रम त्यांना आपोआप उमगेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अनपेक्षित उत्तर आले की त्यावर फुली मारण्याआधी "बाळ, तू काय मोजलेस?" असे ममतेने विचारावे. पुष्कळदा मोजणी बरोबर असते. मोजलेली वस्तू मात्र वेगळी असते.

बाभळीचा काटा, तराजूचा काटा, घड्याळाचा काटा. गणितातील अंक, नाटकाचा अंक, मासिकाचा अंक. असे शब्द प्रत्येक पाठ्यपुस्तकात विखुरलेले आहेत. आपापल्या वर्गाच्या पुस्तकांतून त्यांची टिपणे प्रत्येकाने करावीत आणि पाठाच्या पूर्वतयारीत त्यांना स्थान द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.