समुद्रातलं शेवाळ, साखर आणि भूक

गेले काही दिवस तुमच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतो आहे. बचत गटाच्या बैठकीला कुणीतरी भुकटीचं पाकीट घेऊन येतं आणि सांगतं, हे समुद्रातलं शेवाळ आहे, जपानी लोक रोज खातात, चमचाभर घेतलं की साखर उतरते, भूक मरते, पोट आत जातं. पाकीट महाग असतं, पण पैसे हप्त्यानं दिले तरी चालतात. एका ताईंनी पुढचं विचारलं, "हे सुरू केलं तर मधुमेहाची गोळी सोडली तरी चालेल ना?"

ताई, गोळी सोडायची नाही. हे आधी सांगून टाकतो आणि मग बाकीचं बोलतो, कारण त्या पाकिटावरच्या सगळ्याच गोष्टी काही खोट्या नाहीत.

शेवाळ म्हटलं की आपल्याला विहिरीच्या पायरीवरचं निसरडं हिरवं शेवाळ आठवतं. समुद्रातलं निराळं. ते खडकाला धरून वाढतं, पानांसारखं, झुपक्यांसारखं. तपकिरी, लाल, हिरवं अशा तीन जातींचं. कोकणात ओहोटीला खडक उघडे पडले की दिसतं. आपल्याकडे ते ताटात घ्यायची रीत नाही. जपान-कोरियात आहे, पण तिथंही ते औषध म्हणून चमच्यानं मोजून खात नाहीत. सारात चार पानं, भाताभोवती एक पापुद्रा, असं जेवणातच असतं.

तरीही त्यातला एक प्रकार आपल्या घरात कधीच येऊन बसला आहे. चायना ग्रास! दूध-साखर घालून वड्या पाडतो ना, ते लाल शेवाळापासून काढतात. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर आपल्यासारख्याच बायका पाण्यात बुड्या मारून शेवाळ गोळा करतात, आणि त्यांचा माल अशाच कारखान्यांना जातो. तपकिरी शेवाळातून अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ निघतो. छातीत जळजळ होते तेव्हा डॉक्टर जे पातळ औषध देतात, त्यातल्या काहींत तो असतो.

आता साखरेचं. भाकरी, भात, चपाती पोटात गेली की आतड्यात तिची साखर होते आणि रक्तात उतरते. शेवाळातला हा चिकट भाग पाणी धरून फुगतो, भिजवलेल्या सब्जासारखा. मग पोटातलं अन्न पुढं सावकाश सरकतं. पाटात गवत वाढलं की पाणी हळू येतं, तसंच. पाणी येतंच, पण लोंढा येत नाही. जेवणानंतर साखर एकदम चढते तो चढ थोडा कमी व्हावा, एवढंच हे काम. तपकिरी शेवाळातली आणखी काही द्रव्यं पिष्टाची साखर करणाऱ्या रसांना अडवतात, असंही प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण परीक्षानळी वेगळी आणि माणसाचं पोट वेगळं.

माणसांवर काय दिसलं? कोरियात 2008 साली मधुमेहाच्या 20 रुग्णांवर एक अभ्यास छापून आला. त्यातल्या काहींना चार आठवडे रोज 48 ग्रॅम शेवाळ दिलं, आणि त्यांची उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर कमी झाली. ऐकायला छान आहे. पण माणसं 20 आणि दिवस महिन्याभराचे. शिवाय 48 ग्रॅम म्हणजे चमचाभर भुकटी नव्हे. इंग्लंडमध्ये 2012 साली 12 जाड पुरुषांना शेवाळ घातलेला पाव न्याहारीला दिला. चार तासांनी ते नेहमीपेक्षा कमी जेवले, म्हणजे भूक कमी झाली. पण रक्तातली साखर? तिच्यात फरक पडला नाही.

आम्हाला सगळ्यात उपयोगाचा वाटला तो जपानमधला 2005 चा अभ्यास, कारण तो आपल्या चायना ग्रासचाच आहे. वजन जास्त आणि साखरही जास्त, अशा 76 जणांना बारा आठवडे मोजून-मापून जेवण ठरवून दिलं. निम्म्यांना त्यासोबत रोज चायना ग्रासची जेली होती. जेलीवाल्यांचं वजन सरासरी 2.8 किलो उतरलं, जेली नसलेल्यांचं 1.3 किलो. म्हणजे जेलीनं मदत केली, पण जेवण सुधारलं म्हणून जेलीशिवायही वजन उतरलंच. आणि ती जेली म्हणजे आपली दूध-साखरेची वडी नव्हे, बरं का! वाटीभर साखर घालून केलेली वडी मधुमेहावर चालते असं कुणी म्हणालं, तर हसून सोडून द्या.

आता भुकेचं, कारण आम्हाला खरी काळजी तिथं वाटते. "भूक मरते" हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत असतं, जणू भूक लागणं हाच आजार आहे. बसून काम करणाऱ्या, वजन जास्त असलेल्या माणसाला दोन घास कमी गेले तर बरंच. पण अंगात रक्त कमी असलेली, पोटुशी, अंगावर पाजणारी, किंवा दिवसभर खुरपणाला जाणारी बाई? तिची भूक मारून काय मिळवायचं? आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारी बाई नेहमीपेक्षा कमी जेवली, तर साखर फार खाली जाऊ शकते. गोळी आपलं काम करत राहते, तिला काय माहीत तुम्ही अर्धीच भाकरी खाल्लीत ते! दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी, असं झालं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि नंतर काहीतरी खा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

दुसरी काळजी आयोडीनची. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, आणि ते आपल्याला मिठातून मिळतं. जपानमध्ये कोंबू म्हणतात त्या तपकिरी शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये दीड हजार मायक्रोग्रॅमच्या वरही आयोडीन असू शकतं. म्हणजे दहा दिवसांचं एका चिमटीत. रोज असं घेतलं तर थायरॉईड बिघडू शकतं, कमी होऊ शकतं किंवा वाढू शकतं. म्हणून थायरॉईडची गोळी चालू असलेल्या आणि दिवस गेलेल्या बायांनी ही भुकटी घेऊच नये. किडनीचा त्रास असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. काही जातींच्या शेवाळात विषारी आर्सेनिकही साठतं. हिजिकी नावाचं शेवाळ खाऊ नका, असं ब्रिटनच्या अन्नखात्यानं 2004 सालीच सांगितलं आहे. पाकिटावर शेवाळाची जात आणि आयोडीनचं प्रमाण लिहिलं आहे का, ते विकणाऱ्याला विचारा. आणि पाण्यात फुगणारी कुठलीही भुकटी कोरडी गिळू नका, घशात अडकते.

मग साखरेचा लोंढा अडवायला स्वस्तातलं काय आहे? घरात आहे की. भिजवलेली मेथी, इसबगोल, गवार, वालपापडी, पालेभाजी, सालासकटची डाळ, कोंडा न काढलेल्या पिठाची भाकरी. आणि एक बिनपैशाची गोष्ट. ताटातली भाजी, उसळ, आमटी आधी खायची आणि भात-भाकरी मागून. त्यानं जेवणानंतरचा चढ कमी होतो, हेही अभ्यासात दिसलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, बोलायला सोपं आहे. घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या बाईला भाजी उरते कुठं? तिच्या वाट्याला खरवडलेलं कालवण आणि भाताचा ढीग. ज्या बाईला साखर आहे, तिच्या ताटात सगळ्यात जास्त भात, असं आम्ही घरोघर बघतो. तेव्हा भाजी चुलीवरून उतरली की आपली वाटी आधी काढून झाकून ठेवा. सासूबाई काही म्हणाल्या तर सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनाही साखर असेल तर त्यांचीही वाटी काढा.

पाकीट आधीच घेतलं असेल, तर ते घेऊन उपकेंद्रात जा. आशाताईंना, सिस्टरांना दाखवा. गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी कधी झाली होती तेही सांगा. तिशीच्या पुढच्या सगळ्याजणींची साखर तिथं तपासतात. गटातून एकटी जाऊ नका, दोघीतिघी मिळून जा. हप्ते थांबवायचे की नाही, ते तपासणीचा आकडा हातात आल्यावर बैठकीतच ठरवा.